बीडला केसचं काम

लोक केरळ करून येतात, दुबई करून येतात आणि त्यावर लिहितात. मी घाटनांदूरहून बीडला जाऊन आलो. सकाळी निघालेला माणूस काम उरकून रात्रीच्या जेवणाला घरी पोचतो, एवढाच हा प्रवास. आम्हाला मात्र तीन दिवस लागले. आमच्याकडचं कुणी या कामासाठी बीडला गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. गेलं असेल तर त्यानं सांगितलं नाही. म्हणून लिहितो.

घाटनांदूर

आधी माझ्याबद्दल. मी निवेदक आहे. लग्न, साखरपुडा, सेवानिवृत्तीचा सत्कार, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथे माईक तिथे मी. वय बत्तीस, लग्न व्हायचंय, आणि डोक्यावरचे केस कपाळापासून मागे सरकत सरकत आता मधोमध पोचलेत. धंद्यात याचा फारसा त्रास होत नाही, कारण आमच्याकडे लग्नात पाहुण्यांबरोबर निवेदकालाही फेटा बांधतात. तो मी नवरदेवाच्याही नंतर काढतो. माझे सगळे चांगले फोटो फेट्यातले आहेत.

त्यातलाच एक फोटो आईनं तेलगावच्या एका स्थळाला पाठवला. मुलगी शिकलेली, माणसं साधी, पत्रिकाही जुळली. दसऱ्यानंतर तिकडून निरोप आला, ‘फेट्याबिगरचा एक फोटो पाठवा.’ मागणी अगदी रास्त होती. त्या दिवशी मी आरशापुढे उभा राहून खूप फोटो काढले आणि सगळे पुसून टाकले. शेवटी ठरवलं की केस लावून घ्यायचे. मोबाईलवर त्याच्या जाहिराती तर मला रोजच दिसत होत्या. न मागता दिसत होत्या, हे जास्त लागायचं.

घरी सांगायची लाज वाटत होती. रात्री जेवताना मी एवढंच म्हणालो, “उद्या बीडला जातोय. केसचं काम आहे.”

म्हणायचं होतं ‘केसांचं’. पण घास तोंडात होता, समोर आई बसलेली, आणि तो अनुस्वार घशातच राहिला. आमच्याकडे असे अनुस्वार रोज गळतात, कुणी मनावर घेत नाही. पण या वेळी समोर नाना बसले होते.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून माझी फी, माझी दुखणी आणि माझं बोलणं या तिन्हींकडे नानांचंच लक्ष. भावकीशी आमची बांधाची केस अंबाजोगाईच्या कोर्टात माझ्या शाळेच्या दिवसांपासून चालू आहे. नानांनी तिची एकही तारीख चुकवलेली नाही. मी त्या केसमध्ये कधीच लक्ष घातलं नव्हतं, आणि नानांना त्याचं वाईट वाटायचं. त्या रात्री त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

“वर गेली का आपली केस? बीडला?” ते म्हणाले. “चल, मी बी येतो. केसला एकट्यानं जात नसतेत.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी कपाटावरची कागदांची पिशवी काढली होती.

सकाळी स्टँडवर महादूच्या हॉटेलात चहा घेतला. महादूनं विचारलं, कुठं निघालात. नानांनी पिशवी थोपटत सांगितलं, “केस हाय बीडला. पोरगं सोता लक्ष घालायलंय आता.” आजूबाजूच्या चार माणसांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी टोपी अजून खाली ओढली. माझी ती खेळाडू घालतात तसली निळी, नानांची पांढरी कडक इस्त्रीची. आम्ही दोघं डोकं झाकून एसटीत बसलो.

मांजरसुंब्यापर्यंत

अंबाजोगाई आली तेव्हा नाना सवयीनं उठलेच. कोर्टाकडे जाणारा रस्ता मागे पडला तसे परत बसले आणि समाधानानं म्हणाले, “आता इथं काय न्हाई आपलं.” केजपर्यंत ते मला वकील कसा ओळखावा ते सांगत होते. जो पहिल्याच भेटीत ‘जिंकलोच’ म्हणतो त्याच्यापासून लांब राहावं, जो कागद मागतो त्याच्यापाशी बसावं. मी मान डोलावत बाहेर बघत होतो. सोयाबीन निघालं होतं आणि काळी रानं मोकळी पडली होती. कापसाचं पांढरं मात्र अजून वेचणीला होतं.

मांजरसुंब्याला उतरलो तर फाट्यावर सीताफळांच्या पाट्याच पाट्या. बालाघाटाच्या या डोंगरात सीताफळ आपसूक येतं. नाना पाटीपुढे उकिडवे बसले आणि ज्यांचे डोळे उघडलेत अशी फळं वेचून काढली. रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुळीत बसून आम्ही ती खाल्ली. हात धुवायला पाणी मिळेना तेव्हा नानांनी बोटं चाटून पुसली आणि म्हणाले, कोर्टाच्या गावाला जाताना पोट भरलेलं असावं, तिथं माणसाला बसवून ठेवतात. मला त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण चौसाळ्याची जीप आली.

चौसाळा

चौसाळा बीडच्या उलट्या दिशेला. तिकडे जायचं कारण म्हणजे समीभाई. हायवेवर त्याचं गॅरेज आहे आणि लग्नांना तो जनरेटर पुरवतो. भर लग्नात वीज गेली की माझा आवाज त्याच्या हातात असतो, अशी आमची ओळख. तीनेक वर्षांपूर्वी त्यानं लांबच्या एका शहरात जाऊन केस लावून घेतले होते, हे फक्त मला माहीत होतं. पैसे भरायच्या आधी त्याचं डोकं नीट बघून घ्यावं, असा माझा बेत होता.

नानांना मी सांगितलं, “हा समीभाई. यालाही अनुभव आहे.”

“कशाचा, केसचा?”

“हां.”

नाना खाटेवर टेकले. समीभाईनं हात पुसत चहा मागवला. त्याच्या डोक्यावर टोपी होती, पण चोच मागे करून घातलेली, म्हणजे पुढचे दाट केस दिसावेत आणि मागचं झाकलं जावं. नानांनी आपणहून विषय काढला.

“तुमची बी केस व्हती म्हना.”

“व्हती ना, नाना. लई खराब झाली.”

इथे व्याकरणाची गोष्ट सांगितली पाहिजे. डोक्यावरचे ‘ते केस’ असतात आणि कोर्टातली ‘ती केस’. आमच्यासारखा माणूस ‘केस खराब झाले’ म्हणाला असता आणि नानांना तिथेच उलगडा झाला असता. पण समीभाईच्या घरी दखनी बोलतात, आणि मराठी बोलताना त्याच्या तोंडात ‘तो’ची ‘ती’ आणि ‘ते’ची ‘ती’ सर्रास होते. त्यामुळे पुढचं बोलणं असं झालं.

“किती साल चालली?” नानांनी विचारलं.

“कुठं चालली! एका दिवसात उरकली त्यांनी. तिथंच तर घोळ झाला.”

“एका दिवसात?” नानांचा विश्वास बसेना. “अन् निकाल?”

“निकाल आठ-धा महिन्यानं दिसला.”

“इरोधात गेला?”

“पुढून बरा हाय. मागून पार गेला.”

नाना गंभीर झाले. “मग वर जायचं. हायकोर्ट हाय.”

“कशाच्या जोरावर जावं, नाना? मागं काय शिल्लकच ठेवली न्हाई.”

“म्हंजी पुरावाच संपला.”

“हां,” समीभाई हळहळून म्हणाला. “पुरावाच संपला.”

मी रुमाल तोंडात कोंबून गॅरेजच्या मागे गेलो. समीभाई पाठोपाठ आला आणि माझं हसू बघून त्यालाही कळलं. “बे, तू म्हाताऱ्याला सांगितलाच न्हाई?” तो पोट धरून हसला, मग त्यानं टोपी काढली.

कपाळावर केसांची सरळ ओळ होती, पट्टीनं आखल्यासारखी. तिच्या मागे तीन बोटं दाट केस. त्याच्याही मागे काहीच नाही. शस्त्रक्रियेनंतरही त्याचे जुने केस गळतच राहिले होते आणि लावलेले तेवढे पुढे उभे होते. मानेच्या वर, जिथून केसांची मुळं काढून पुढे लावली तिथे, कसर लागलेल्या कापडासारखे ठिपके होते.

“तिथं डागदर कोन व्हता ते मला आजपर्यंत माहीत न्हाई,” तो म्हणाला. “पोरं आली, सुया घेतल्या, काम केलं, गेली. माझ्या गॅरेजात तू गाडी आनली तर इचारतो ना, इंजिन कोन उघडनार म्हनून? मी डोकं देऊन आलो अन् इचारलंच न्हाई. तू इचार.”

रात्री त्याच्याकडेच जेवलो. त्याच्या अम्मीनं खिचडी-खट्टा केला होता. आमच्याकडे खिचडी आजारी माणसाला देतात. इथे ती मसूर घातलेली, मोकळी, पिवळीधमक, आणि तिच्यावर चिंच, तीळ आणि शेंगदाण्याचा पातळ आंबट खट्टा, सोबत पापड. नानांनी आधी बोटानं चव घेतली, मग दोनदा मागून घेतली. हात धुताना ते मला हळूच म्हणाले, “भला मानूस हाय. ह्याला कुनी चांगला वकील भेटला न्हाई.”

बीड

दुसऱ्या दिवशी सकाळी बीड. मी जाहिरातीतला पत्ता शोधत होतो आणि नाना दर चौकात कोर्टाचा रस्ता दाखवत होते. शेवटी एका इमारतीचा जिना चढून वर गेलो. काचेचं दार, आत गारवा आणि भिंतीवर मोठाले फोटो, डाव्या बाजूला टकलू माणूस, उजव्या बाजूला तोच माणूस दाट केसांचा. नानांनी ते सगळे फोटो सावकाश बघितले. मग माझ्या डोक्यावरच्या निळ्या टोपीकडे बघितलं.

“दिगू, हे कोर्ट न्हाई.”

“नाही, नाना.”

“वकील बी न्हाई इथं.”

“नाही.”

ते वळले. कागदांची पिशवी काखेत मारून जिना उतरून गेले. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. पण तेवढ्यात टाय लावलेल्या एका गोड मुलानं माझं नाव पुकारलं आणि मी आत गेलो.

त्या मुलानं मला खुर्चीत बसवलं, आरसा दिला, आणि जाड पेनानं माझ्या कपाळावर एक रेघ ओढली. कानशिलापासून कानशिलापर्यंत, पुढे, खूप पुढे, मी अकरावीत असताना जिथे केस होते तिथे. मग संगणकावर माझा फोटो घेऊन त्या रेघेमागे केस भरून दाखवले. खोटं कशाला सांगू, मला तो माणूस फार आवडला. फेटा न बांधता तो कुठेही जाऊ शकला असता. तेलगावलाही. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो आणि टायवाला मुलगाही शहाणा, त्यानं मला बघू दिलं.

आज बुकिंग केलं तर सवलत, असं तो म्हणाला. पाहिजे तेवढी मुळं लावू, मर्यादा नाही. माझा हात खिशाकडे गेला होता. तेव्हा समीभाईचे ठिपके आठवले आणि मी विचारलं, “करणार कोण?”

“आमची टीम आहे ना सर.”

“डॉक्टर?”

“डॉक्टर फोनवर असतात. काही लागलं तर.”

“डोक्याच्या मागे किती केस आहेत ते कुणी बघणार नाही का?”

“त्याची काही गरज नसते सर. सगळ्यांना पुरतात.”

विचार करून सांगतो म्हणून मी उठलो. फार धीरानं उठलो असं नाही. तो संगणकातला माणूस मागे राहिला याचं मला जिन्यात वाईट वाटत होतं.

खाली नाना नव्हते. चहाच्या टपरीवर नव्हते, स्टँडवर नव्हते. फोन त्यांच्याकडे असतो, पण बंद असतो. मी घाबरलो, आणि मग एकदम सुचलं की रागावलेला माझा हा चुलता परक्या गावात कुठे जाईल. जिल्हा कोर्टाच्या आवारात ते सापडले. झाडाखाली वकिलांची टेबलं, टायपिंगची खटखट आणि तारखेला आलेली माणसं. त्यांच्यात पारावर नाना बसले होते, काकूंनी दिलेली धपाट्यांची शिदोरी उघडून. शेजारच्या अनोळखी माणसाला शेंगांची चटणी वाढत होते.

मी जवळ बसलो. त्यांनी एक धपाटा माझ्याकडे सरकवला. रस्ताभर लोक माझ्याकडे का बघत होते ते मला तोवर कळलं नव्हतं.

“कपाळावर काय हाय ते?” शेवटी नानांनी विचारलं.

हात लावला तर ती रेघ. जाड, निळी, हातानं पुसली न जाणारी. टोपी हातात घेऊन मी अख्ख्या बीडभर तशीच मिरवत आलो होतो.

“इथपर्यंत केस लावणार म्हणाले.”

नानांनी माझी हनुवटी धरून रेघ नीट न्याहाळली. “हा तर बांध घातला की रं. मोजनी केली व्हती का?”

“नाही.”

“मोजनी न करता बांध कुनी घालतं का? ह्याच्यापायीच तर आपलं आयुष्य कोर्टात गेलं.” शेजारच्या अनोळखी माणसानंही मान हलवली. मग नाना हळू आवाजात म्हणाले, “कावून सांगितलं न्हाई मला?”

“लाज वाटली.”

त्यांनी धपाट्याचे तुकडे पानावर गोळा केले. “लाज तर मला बी वाटती,” ते म्हणाले. “टोपी काय उनासाठी घालतो व्हय मी.”

नानांचं डोकं मी कधी पाहिलेलं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. आंघोळ करून येतात ते डोक्याला टॉवेल गुंडाळून. आजोबा गेले तेव्हा घरातल्या सगळ्याच पुरुषांची डोकी भादरलेली होती, त्यात नानांचं वेगळं काय ते कुणाला कळलं नाही.

दुपारी आणखी एका डॉक्टरांकडे जायचं होतं, त्यांचा पत्ता मी घरूनच लिहून आणला होता. या बाई संभाजीनगरहून आठवड्यातून एकदा बीडला येतात, जळालेल्या, फाटलेल्या कातडीचंही काम करतात. भिंतीवर फोटो नव्हते. बसायला साधे बाक, आणि नंबर येईपर्यंत बसवून ठेवलं. नानांना ते बरं वाटलं असावं. “हितं जरा कोर्टावानी हाय,” ते म्हणाले.

बाईंनी आधी स्पिरिटच्या बोळ्यानं माझ्या कपाळावरची रेघ पुसली. “ही कुणी काढली?”

“मोजनी न करताच काढली, बाई,” नानांनी परस्पर उत्तर दिलं. बाई हसल्या.

मग त्यांनी खरंच मोजणी केली. छोटं भिंग लावून डोक्याच्या मागची, कानांवरची, मधली जागा पाहिली, लिहून घेतलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मागचे केस हेच काय ते बियाणं, त्या म्हणाल्या. ते परत उगवत नाही. आज सगळं पुढे लावलं आणि उरलेले गळत गेले तर पुढच्या वेळी आणायचं कुठून? माझ्या डोळ्यांपुढे समीभाईचं डोकं आलं.

“वडिलांना टक्कल होतं का?”

“वडील तिशीतच गेले. तेव्हा भरपूर केस होते.”

“त्यांच्या सख्ख्या भावांना?”

मी नानांकडे बघितलं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

“काका, जरा टोपी काढता का?” बाई म्हणाल्या. “याचं पुढे किती जाईल त्याचा अंदाज येतो. खात्री नसते, पण अंदाज येतो.”

“बाई, आमी टोपी कुनापुढं काढत न्हाई.”

“कधीच नाही?”

“घरच्या मयतीला काढतो.”

“मग राहू द्या,” बाई अगदी साधेपणानं म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

नानांनी टोपीची कड बोटांनी चाचपली. “टोपी न्हाई काढली तर मोजनी अपुरी ऱ्हाती का?”

“थोडी राहील.”

नानांनी दोन्ही हातांनी टोपी उचलली आणि मांडीवर ठेवली. चेहरा रापलेला, काळा, आणि टोपीच्या रेघेच्या वर डोकं एकदम गोरं, ऊन न लागलेलं. केस फक्त कानांच्या वर, अगदी खाली, विरळ. बाईंनी विचारून भिंग लावलं. नाना डोळे मिटून बसले होते, लहान मुलाचं जावळ काढताना बसवतात तसे.

मला माझं उद्याचं डोकं दिसलं, एवढंच असतं तर मी हसलो असतो. पण मला एकदम वाटलं की माझे वडील जगले असते तर आज त्यांचं डोकं असं दिसलं असतं. त्यांचा फोटो घरात आहे, त्यात ते कायमचे तरणे आहेत. म्हातारे वडील मी पहिल्यांदा त्या खोलीत पाहिले. मग मीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. माझे केस अजून गळतायत आणि मागचं बियाणं बेताचंच आहे. आत्ता लावले तर समीभाईसारखं होण्याची भीती आहे. आधी वर्षभर औषध, रोज, न चुकता. त्याचा कुणाला काय त्रास होऊ शकतो तेही त्यांनी न विचारता सांगितलं. वर्षानं आजचे फोटो समोर ठेवून पुन्हा बघायचं. करायचं ठरलं तर थोडेच लावायचे, आणि रेघ वर ठेवायची, साठाव्या वर्षीही शोभेल अशी.

“करणार कोण?” मी विचारलं.

“मीच. दिवसाला एकच पेशंट घेते. आणि तुम्ही नाही करायचं म्हणालात तरी चालेल, तेही वर्षानं सांगा.”

करायचे तर इथेच, हे मी तिथून उठायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तरी बाहेर आल्यावर माझा चेहरा पडला. वर्षभरानं कदाचित, तेही थोडे. आणि तेलगावची माणसं फोटोची वाट बघत होती, आत्ता.

तेलगाव

बीडला रात्र काढून तिसऱ्या दिवशी परतताना नानांनी वडवणीवरून जायचं काढलं. “त्या रस्त्यानं परळीहून गाडी मिळती,” म्हणाले. त्या रस्त्यावर तेलगाव लागतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तेलगावला जीप बदलायला उतरलो. आजूबाजूला ऊस उभा होता, तुरे यायला लागलेले. फाट्यावरच्या हॉटेलात गरम भजी आणि तळलेली मिरची घेतली. मिरची इतकी तिखट होती की डोळ्यांत पाणी आलं आणि मी टोपी काढून तिनंच तोंड पुसलं. मग ती परत घालावीशी वाटेना. कंटाळा आला होता, खरंच, नुसता कंटाळा. मी हॉटेलवाल्याला मोबाईल दिला आणि म्हणालो, एक फोटो काढा, असाच.

“थांब,” नाना म्हणाले.

ते बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसले. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, रस्त्यावर माणसं होती. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“नाना, तुम्ही कशाला?”

“आजचं बघतील, उद्याचं बी बघू दे की त्यांना. मागनं तक्रार नगं.”

हॉटेलवाल्यानं फोटो काढला. मी तो तेलगावच्या नंबरवर पाठवला, खाली लिहिलं, ‘डावीकडे मी. उजवीकडे पुढे होणारा मी, म्हणजे माझे चुलते.’ नानांनी टोपी घातली, दोन बोटांनी नीट केली आणि भज्यांचं बिल दिलं.

उत्तर आलं परळीच्या पुढे, गाडीत. मी दोनदा वाचलं आणि मग नानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘फोटो बाबांना दाखवला. रविवारी चहाला या. दोघंही या. फेटा नको.’ नंबर त्यांच्या घरचा होता, पण लिहिणारी ‘बाबांना’ म्हणाली होती. नानांनी खिडकीबाहेर तोंड केलं आणि बराच वेळ कापसाची रानं बघत राहिले.

घाटनांदूर

स्टँडवर उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. महादूच्या हॉटेलात तीच चार माणसं बसली होती. महादूनं लांबूनच विचारलं, “मग नाना? काय झालं केसचं?”

“मोजनी झाली,” नाना म्हणाले. “तारीख पडली.”

“कवाची?”

“दोन पडल्या. एक ह्या रव्वारची, एक पुढच्या सालची.”

“एका केसला दोन तारखा?” महादू चक्रावला. “आसं कुठं असतं का?”

“मोठी केस हाय,” नाना म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता चहाचा कप उचलला.

अनुस्वार मीही दिला नाही.